आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल: वरची पट्टी बाजूला वाकते

प्रश्न: ५० सेंमी गाळ्याचा (दोन टेकूंमधलं अंतर) प्रॅट ट्रस (उभ्या आणि मध्याकडे उतरणाऱ्या तिरक्या काड्यांचा त्रिकोणी सांगाडा), उंची ६ सेंमी. मध्यभागी वजन टांगलं की वरची पट्टी बाजूला फुगते आणि पूल जातो. सगळीकडे दुहेरी काड्या लावू का?

उत्तर १: सरसकट नको, पूलच जड होईल. वरची पट्टी दाबाखाली असते. तिची बिनआधाराची लांबी निम्मी केली की वाकायला चौपट बल लागतं. पुलाच्या दोन्ही बाजूंच्या ट्रसचे वरचे सांधे आडव्या काड्यांनी जोडा, शिवाय तिरक्या काड्याही हव्यातच. नाहीतर दोन्ही पट्ट्या एकदमच कलतात.

उत्तर २: उंची १० सेंमी करा, पट्ट्यांमधलं बल ४० टक्के घटेल. उभ्या काड्या मात्र लांबतील आणि प्रॅटमध्ये वरच्या पट्टीसारखा त्यांच्यावरही दाब येतो, म्हणून तेवढ्या दुहेरी.

प्रश्नकर्ता: वजन दोन सांध्यांच्या मधे टांगलंय, चालेल?

उत्तर २: नाही, खालची काडी वाकून तुटेल. सांध्यावरच टांगा. काड्या टोकाला टोक न चिकटवता एकमेकींवर चढवा, चिमटे लावून गोंद २४ तास वाळू द्या.