विहिरीच्या पाण्यात ऍसिड टाकतोय तर पीएच आधी हलतच नाही, मग धपकन पडतो, असं का?

केळीवाला_रावेर: केळीच्या ड्रिपला ऍसिड मारायचंय, ड्रिपरमध्ये पांढरा थर बसलाय. आबा म्हणे पीएच 4 पर्यंत आण. म्हणून आधी 10 लिटरच्या बादलीत सिरिंजने 1-1 मिली हायड्रोक्लोरिक टाकून पाहिलं. पाणी मुळात 8 चं. पाच मिलीपर्यंत पीएच मोजायचा कागद साडेसहाच्या आसपासच अडकलेला, आणि सातव्याला एकदम लाल, 4 च्याही खाली! कागद जुना झाला का भो? आणि 8 चं 4 म्हणजे ऍसिड दुप्पटच झालं ना?

गृहिणी_धुळे: कागदाचा भरवसा नसेल तर हळद टाकून बघा ना, रंग बदलतो.

बीएस्सी_जळगाव: ताई, हळद इथे कामाची नाही, ती फक्त खाराच्या बाजूला लाल होते, पापडखार लागला की होते तशी. ऍसिडमध्ये पिवळीच राहते.

आणि भो, दुप्पट नाही, 10,000 पट! पीएचचा एक आकडा उतरला की हायड्रोजन आयन, म्हणजे ऍसिडचा जोर, दहापट. कागद पण बरोबरच आहे. आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, तू टाकलेलं ऍसिड आधी ते खातं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि पीएच हळूहळूच उतरतो. बायकार्बोनेट संपलं की मग पुढचा प्रत्येक थेंब थेट पीएचवर. असं ऍसिड झेलून पीएच धरून ठेवणाऱ्यालाच बफर म्हणतात.

हेच तर आपल्या रक्तात चालतं. तिथे पीएच 7.35 ते 7.45 मध्येच राहायला लागतो. पळालास की स्नायूतून ऍसिड येतं, रक्तातलं बायकार्बोनेट ते झेलतं, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुफ्फुसं बाहेर टाकतात, धाप लागते ती त्याच्यामुळेच बरीचशी. किडनी पण हिशेब जुळवते पण तिला तास-दिवस लागतात. बादलीला फुफ्फुस नाही ना किडनी, म्हणून तुझा साठा सातव्या मिलीलाच संपला.

नाना_यावल: टाकीत टाकशील तेव्हा पाण्यात ऍसिड ओत, ऍसिडमध्ये पाणी कधीच नाही, उसळून तोंडावर येतं. हातमोजे घाल. दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडून दे.

केळीवाला_रावेर: मग केळीची मुळं जळणार नाहीत ना? आणि बादलीच्या कडेला बारीक बुडबुडे आले होते, ते काय?

बीएस्सी_जळगाव: बुडबुडे म्हणजे तोच कार्बन डायऑक्साइड. ड्रिपरमधला पांढरा थर पण कॅल्शियम कार्बोनेटच, तोही तसाच फसफसून सुटेल. आणि आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, थोडंफार ऍसिड ती पचवते. पण मोजूनच टाक रे.