प्रतिसाद: सॉमिलचा भुसा आणि लाकडाचा अर्क

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या सॉमिलमधला (लाकूड कापायच्या गिरणीतला) भुसा-सालपटं जाळून त्याचा धूर पिकाला उपयोगी पडेल का, असं एकानं विचारलंय. पडेल, पण उघड्यावर जाळून नव्हे. बंद पिंपात, हवा कमी देऊन लाकूड तापवायचं. धूर लांब पाइपातून न्यायचा, पाइपावर ओलं पोतं टाकायचं, की थेंब थेंब अर्क गळतो. जपानात यालाच मोकुसाकु म्हणतात.

आता महत्त्वाचं. हा अर्क लगेच वापरू नका! मी काचेच्या बरणीत तीन-चार महिने ठेवतो. वर तेलकट तवंग येतो, खाली काळं डांबर बसतं, मधला कोऱ्या चहासारखा भाग तेवढाच घ्यायचा. त्यात पाण्याखालोखाल मुख्यतः ॲसेटिक ॲसिड (व्हिनेगरमधलं आम्ल) असतं, म्हणून एका भागाला किमान 500 भाग पाणी. एकदा घाईत दाट फवारलं आणि मिरचीच्या रोपांची पानं कडेनं करपली. तेव्हापासून आधी चार रोपांवर बघतो, मगच वाफ्यावर.

धुरातली कॅरिकिन्स ही द्रव्यं बियांची उगवण जागी करतात, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. पण हे खत नव्हे, भाताला शेणखत लागणारच. विकायचं असेल तर 2021 पासून जैव-उत्तेजकं (खत नसून पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं) केंद्राच्या खत नियंत्रण आदेशाखाली येतात, तेव्हा नोंदणी बघा.

रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड अजिबात नको. आणि खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडचा जंगलातला पालापाचोळा कृपा करून उचलू नका, तिथल्या मातीला तोच लागतो. पिंपात उरलेला कोळसा मात्र कुटून शेणखतात मिसळा.