मदत हवी आहे: रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या नौकेची सुरुवात कोल्हापुरात कशी करावी?

नमस्कार मंडळी,

रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या नौकांचा छंद सुरू करण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मोटरवर पळणाऱ्या बोटीविषयी मी विचारत नाही. जिला पुढे नेणारे बळ सर्वस्वी वाऱ्याचे असते आणि जिच्यात रिमोटने केवळ सुकाणू व शिडाची दोरी सांभाळायची असते, अशा नौकेविषयी हा धागा आहे. मी कोल्हापुरात राहतो, पुतण्या अकरावीला आहे आणि आम्हा दोघांना मिळून हे करायचे आहे. त्यामुळे नौका एक नव्हे, दोन हव्यात, आणि दोन्ही शक्यतो सारख्या हव्यात. एकटीच नौका पाण्यात असेल तर ती वेगाने जाते आहे की रेंगाळते आहे हे कशाच्या आधारे ठरवायचे, हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न होता.

आतापर्यंतच्या वाचनातून जे समजले ते मांडतो, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल. ‘इंटरनॅशनल वन मीटर’ या वर्गाच्या जागतिक स्पर्धा होतात. त्या नौकेची लांबी १ मीटरपर्यंत, वजन किमान ४ किलो, पाण्याखालची खोली जास्तीत जास्त ४२ सेंटिमीटर आणि वाऱ्याच्या जोरानुसार बदलायचे शिडांचे तीन संच असतात. तशा दोन नौका घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. दुसरा पर्याय ‘ड्रॅगन फोर्स ६५’चा. जॉयस्वे या चिनी कंपनीची ही ६५ सेंटिमीटर लांबीची नौका किटच्या रूपात मिळते आणि सर्वांच्या नौका एकसारख्याच असल्याने शर्यतीत कौशल्याचाच कस लागतो. तिसरा पर्याय ‘आरजी ६५’. यात लांबी ६५ सेंटिमीटरपर्यंत आणि शिडांचे एकूण क्षेत्रफळ २,२५० चौरस सेंटिमीटरपर्यंत ठेवले की बाकी रचना बरीचशी मोकळी असते आणि नौका घरी बांधता येते.

माझा ओढा तिसऱ्या पर्यायाकडे आहे, आणि त्याचे कारण कोल्हापूरच आहे. परदेशातून दोन किट मागवायचे तर वाहतूक आणि सीमाशुल्क यांचा बोजा पडतो. उलट उद्यमनगरात लेथवाले आहेत, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या आहेत आणि लाकूडकामाचा हात आमच्या घरात आहे. मात्र पुढील बाबींवर माझा निर्णय होत नाही.

नौकेच्या तळाशी खोलवर जे वजन लावतात ते शिशाचेच असावे लागते का? आमच्याकडे बिडाचे ओतकाम करणारे पुष्कळ आहेत, शिसे ओतणारे कमी. शिवाय शिसे वितळवताना निघणाऱ्या वाफा घातक असतात, म्हणून ते काम घरच्या शेगडीवर करण्याची माझी तयारी नाही.

शिडाची दोरी ओढण्यासाठी रीळ फिरवणारी विंच घ्यावी की लांब हाताचा साधा सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर हवा तेवढाच कोन फिरणारी छोटी मोटर) पुरेसा आहे?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी. रंकाळा घरापासून जवळ आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून शहराच्या बाजूला येतो, म्हणजे नौका बंद पडली तरी ती आपणहून पूर्वेच्या काठाला येऊन लागेल. पण जलपर्णी जेव्हा वाढते तेव्हा तोच वारा तिलाही त्याच काठाला आणून लोटणार. अशा पाण्यात खोल फिनची (तळातून खाली उतरलेल्या उभ्या पात्याची) नौका चालवणे शक्य आहे का, की राजाराम तलाव किंवा कळंबा यांचा विचार करावा?

दोन्ही नौका मिळून इलेक्ट्रॉनिक्ससह पंधरा-वीस हजारांत बसाव्यात अशी अपेक्षा आहे. ती चुकीची असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. आपण दोन सारख्या नौकांपासून सुरुवात करता आहात, हा निर्णय मला फार पटला. या छंदातले जवळजवळ सगळे शिक्षण तुलनेतून होते. दोन नौका शेजारून जात असताना एकीचे शीड किंचित सैल केले आणि ती पुढे सरकली, तर त्या एका क्षणात जे कळते ते पुस्तकातली दहा पाने वाचून कळत नाही. तेव्हा आरजी ६५ बांधायची तर एकाच साच्यावर दोन बांधा, आणि पहिली पूर्ण होईपर्यंत दुसरी थांबवू नका.

वजनाविषयी सविस्तर लिहितो, कारण छोटी नौका उभी राहते की आडवी होते हे तिथेच ठरते. एखाद्या मोठ्या नौकेची सर्व मापे निम्मी केली असे समजा. शिडाचे क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते आणि वारा लागतो ती उंची निम्मी होते, म्हणजे नौकेला कलंडवणारा जोर एक अष्टमांश उरतो. पण वजन एक अष्टमांश होते आणि त्याची खोली निम्मी होते, म्हणजे तिला सावरणारा जोर एक सोळांशावर येतो. आकार जितका लहान तितकी नौका वाऱ्यापुढे दुबळी, म्हणूनच या नौकांची फिन दिसायला बेढब वाटावी इतकी खोल असते आणि जवळपास निम्मे वजन तिच्या टोकाला असते. वन मीटरमध्ये तर ४ किलोंपैकी २.२ ते २.५ किलो वजन फिन आणि तिच्या खालच्या गोळ्याचे असते.

आरजी ६५ साठी साधारण अर्धा किलोचा गोळा धरा. शिशाची घनता ११.३ असल्याने तो सुमारे ४४ घन सेंटिमीटरचा होतो. तोच बिडाचा केला तर ७० घन सेंटिमीटरच्या आसपास जातो. त्यामुळे पाण्याचा अडथळा वाढतो आणि गंजाची चिंता वेगळी. तरीही पहिल्या नौकेसाठी मी आपल्याला शिशाचा आग्रह करणार नाही. ओतकामाच्या भानगडीत न पडता उद्यमनगरातल्या एखाद्या टर्नरकडून माइल्ड स्टीलच्या गोल सळईतून दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला गोळा लेथवर काढून घ्या. त्याचे आकारमान ६४ घन सेंटिमीटरच्या घरात येईल, दोन्ही गोळे वजनाला आणि आकाराला तंतोतंत सारखे होतील आणि आपल्याला तुलनेसाठी नेमके तेच हवे आहे. वरून इपॉक्सीचा हात आणि रंग द्या. पुढे हात बसला की शिशाचा गोळा शिसे ओतण्याची सवय असलेल्या माणसाकडून, त्याच्या जागेवर, करून घ्या. घरी न वितळवण्याचा आपला निर्णय अगदी योग्य आहे.

सर्व्होविषयी थोडक्यात सांगतो. या आकाराच्या नौकेला लांब हाताचा सर्व्हो पुरतो. रोबोटिक्सचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे मिळणारा धातूच्या गिअरचा एमजी ९९६ आर सुरुवातीला चालेल. सर्व्हो शिडाची दोरी फक्त आत ओढतो, शीड बाहेर लोटण्याचे काम वाराच करतो. त्यामुळे दोरी कुठेही अडकता कामा नये. ती जिथून बाहेर येते त्या कडीची आतली कड नखाने चाचपून पाहा. नखाला खरखर लागली तर मंद वाऱ्यात शीड बाहेर जाणारच नाही. नौकेतल्या रिसीव्हरची (रिमोटचे इशारे पकडणाऱ्या भागाची) अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, शक्य तितकी उंच बसवा, कारण रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत. रिमोट साधा असला तरी चालेल, चॅनेल दोनच लागतात, एक सुकाणूसाठी आणि एक शिडासाठी. फ्लायस्कायच्या एफएस-आय ६ सारख्या रिमोटवर डावी काठी वर-खाली सोडली तिथेच राहते, म्हणून शीड तिच्यावर आणि सुकाणू उजवीवर घ्या.

आता पाणी. वाऱ्याच्या खालच्या काठावर उभे राहण्याचा आपला विचार बरोबर आहे आणि जलपर्णीची शंकाही रास्त आहे. मागे झुकलेली फिन लावली तर तरंगणारे दोरे आणि मुळ्या तिच्यावरून घसरून जातात, सरळ उभ्या फिनवर त्या अडकून बसतात. मात्र जलपर्णीचा दाट थर असेल तिथे कोणतीच फिन उपयोगाची नाही, त्या दिवशी नौका पाण्यात सोडूच नये. एक सवय लावून घ्या: आधी काठावर उभे राहून वाऱ्याकडे तोंड करा, समोरचे पाणी मोकळे आहे का आणि आपल्या पायाशी काय साचले आहे ते पाहा, मगच बॅटरी जोडा. काठापासून हातभर अंतरावर पाणी अडीच-तीन फूट खोल असावे, नाहीतर पायऱ्यांच्या दगडांवर गोळा आपटेल. कळंबा तलावाचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते, तेव्हा तिथे उतरण्याआधी महानगरपालिकेत रीतसर विचारणा करा. रंकाळ्याबाबतही विचारून ठेवलेले बरे.

खर्चाचा आपला अंदाज घट्ट आहे, पण चुकीचा नाही. बांधकाम हाताने होणार असेल तर पैसा मुख्यतः दोन रिमोट आणि चार सर्व्हो यांतच जाईल.

धागाकर्ता

आपण इतक्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. लेथवर गोळा काढून घेण्याची कल्पना मला सुचली नव्हती. टर्नरला दाखवण्यासाठी पुतण्याने आजच आराखडा काढायला घेतला आहे. दोन शंका उरल्या आहेत. शिडासाठी कोणते कापड घ्यावे? आणि नौका पाण्यात सोडल्यावर शीड किती आत ओढायचे हे काठावरून कसे ओळखायचे?

प्रतिसाद

कापड घेऊ नका, ते ताणले जाते आणि पाणी पिते. इंजिनीअरिंग ड्रॉइंगचे साहित्य मिळते तिथे पॉलिस्टर फिल्म मागा, ५० मायक्रॉन जाडीची चालेल. पहिले शीड एकाच सपाट तुकड्याचे करा. पोट असलेली, पट्ट्या जोडून केलेली शिडे दुसऱ्या संचासाठी ठेवा. डोलकाठीला ताण देणाऱ्या दोऱ्या मात्र नायलॉनच्या नकोत. मासेमारीच्या दुकानातली विणलेली ब्रेडेड लाइन घ्या, ती ताणली जात नाही.

शिडाचे तंत्र असे आहे. नौका आपल्याला हव्या त्या दिशेला धरा आणि शीड हळूहळू सैल सोडत जा. एका ठिकाणी डोलकाठीलगतची कड थरथरू लागेल. आता ती थरथर थांबेल एवढेच शीड आत घ्या आणि तिथेच थांबा. सुरुवातीला प्रत्येकाचा कल शीड गच्च ओढण्याकडे असतो. तसे केल्याने नौका आडवी कलते, पण पुढे जात नाही. वाऱ्याच्या थेट समोर ती कधीच जाणार नाही. सुमारे ४५ अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे वळत वर चढावे लागते. वळण्याआधी वेग हवा, नाहीतर ती मध्येच वाऱ्याकडे तोंड करून उभी राहील.

नौका आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे भासते. यावर एकच उपाय आहे: नौकेचे तोंड जिकडे आहे तिकडेच आपले शरीर वळवा आणि मान वळवून तिच्याकडे पाहा. आणि पाण्यावर गडद लहरींचा पट्टा सरकत येताना दिसला की तो जोराचा झोत आहे असे समजून तो पोहोचण्याआधीच शीड थोडे सैल करा.

काठावर जाताना टेनिसचा चेंडू बांधलेली लांब, तरंगणारी दोरी सोबत असू द्या. नौका अडकली तर चेंडू तिच्या पलीकडे टाकून ती ओढून आणता येते. तिच्यासाठी पाण्यात उतरायचे नाही, हे पुतण्याला पहिल्याच दिवशी बजावून ठेवा. गोळे तयार झाले की वजने इथे लिहा, त्यावरून फिन कुठे बसवायची ते मी सांगेन.