पेपर का ब्लॉग? आधी खाली नाव कुणाचं ते बघा

वरच्या कॉमेंटांत दोघंतिघं म्हणायलेत की पेपरवाले विकले गेलेत, आता ब्लॉगवरच विश्वास ठेवायचा. मला हे अर्धंच पटतं. पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन जाहिरातच बातमी म्हणून छापणं, झाली हे खरंय, २००९ च्या विधानसभेला आपल्याच राज्यात एका नेत्याच्या कौतुकाचा मजकूर तीन वेगवेगळ्या पेपरात शब्दन्शब्द तोच छापून आला, वर कुठं 'जाहिरात' असं लिहिलेलं नाही. पण ते बाहेर काढलं कुणी तर पत्रकार पी. साईनाथांनी, आणि तेही 'द हिंदू' या इंग्रजी पेपरात, म्हणजे पेपरातच की!

दुसरं, पेपरात खाली बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी ओळ असते बघा, ती कायद्यानं छापावीच लागते. खोटं छापलं तर नोटीस कुणाला पाठवायची ते ठरलेलं. आता आमच्या लातूरकडं सोयाबीनच्या दराच्या पोस्टी फिरायल्यात, तारीख नाही, कोणत्या बाजार समितीचा दर ते नाही, मॉइश्चर (दाण्यातला ओलावा) किती धरलं ते नाही, लिहिणाऱ्याचं नाव तर नाहीच. असलं वाचून माल विकायचा का ठेवायचा हे माणसानं कसं ठरवावं? यात नुकसान शेतकऱ्याचं होतंय हो.

तरी एखादा स्वतःच्या नावानं लिहितो, शासन निर्णय नाहीतर पंचनाम्याचा कागदच खाली जोडतो, चूक दाखवली की तिथंच तारीख टाकून दुरुस्त करतो, असा ब्लॉगवाला मी तालुक्याच्या बातमीसाठी पेपरच्या आधी वाचीन, कारण तालुक्याच्या वार्ताहराला बऱ्याचदा जाहिराती पण गोळा कराव्या लागतात, मग तो कुणाविरुद्ध किती लिहिणार?