मदत हवी आहे: चर्पमध्ये बाओफेंग दिसतच नाही, पोर्ट येतो आणि लगेच गायब

खरखर:
मंडळी, दोन संध्याकाळी वाया घालवून शेवटी धागा काढतोय. हॅमचा (हौशी रेडिओचा) परवाना नुकताच हातात आलाय, सेट बाओफेंग यूव्ही-५आर, हातात धरायचा वॉकीटॉकी. आयएसएसचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्टेशनवरचा रिपीटर (आपला आवाज दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणारा सेट) चॅनेल म्हणून भरायचाय: आपण १४५.९९० मेगाहर्ट्‌झवर बोलायचं, ६७ हर्ट्‌झचा टोन, ऐकायचं ४३७.८०० वर. सेटच्या बटणांवरून भरताना डोकं उठलं, म्हणून चर्प हा संगणकावरून चॅनेल भरायचा प्रोग्राम घेतला.

उबुंटू २२.०४, केबल सीएच३४० चिपची. केबल खोचली की डीमेसेजमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) पोर्ट जोडल्याची ओळ येते, पुढच्याच क्षणी डिस्कनेक्ट. पोर्ट वापरायची परवानगी देणाऱ्या डायलआउट ग्रुपमध्ये नाव घातलंय, दुसरी केबलही लावून पाहिली. दुकानदार म्हणतो विंडोज टाका. तेवढं सोडून काहीही सांगा.

अँटेनावाला:
त्याच ओळींत 'बीआरएलटीटीवाय' दिसतंय का बघा. अंधांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा प्रोग्राम आहे तो. काही डिस्प्लेंत हीच चिप असते, त्यामुळे तुमची केबल त्याला ब्रेल डिस्प्ले वाटते आणि तो पोर्ट बळकावतो. मशीनवर कुणी ब्रेल वापरत नसेल तर ते पॅकेज काढून टाका.

खरखर:
दिसतंय! काढलं, पोर्ट टिकला. पण आता 'रेडिओ उत्तर देत नाही'.

जुनी व्हॉल्व्ह:
प्लग पूर्ण बसलेला नसणार. या केबलींचं प्लास्टिक सेटच्या कडेला अडतं, बसल्यासारखा वाटतो पण फट राहते. अंगठ्याने जोर लावून दाबा.

चर्पला सेट वाचता आला की त्याची पहिली फाइल तशीच जपून ठेवा, तिला हात लावू नका. बदल तिच्या प्रतीत करा. दुसऱ्याच्या सेटची फाइल कुणी प्रेमाने दिली तरी आपल्या सेटमध्ये चढवू नका, फर्मवेअर (सेटच्या आतला प्रोग्राम) वेगळं निघालं तर पस्तावाल.

चॅनेलमध्ये डुप्लेक्सचा रकाना 'स्प्लिट' (बोलायची-ऐकायची फ्रिक्वेन्सी वेगळी) करा, म्हणजे ऑफसेटच्या रकान्यात थेट १४५.९९० लिहिता येतं. आणि एकाच चॅनेलवर भागणार नाही. अंतराळ स्टेशनच्या वेगामुळे ते जवळ येताना ४३७.८०० सुमारे १० किलोहर्ट्‌झ वर ऐकू येतं, दूर जाताना तितकंच खाली. ४३७.८१० पासून ४३७.७९० पर्यंत पाच-पाच किलोहर्ट्‌झवर पाच चॅनेल करा, बोलायची १४५.९९० सगळ्यांत तीच. तिथला फरक जेमतेम तीन-साडेतीन किलोहर्ट्‌झ, एफएमला चालून जातो.

खरखर:
प्लास्टिकची कड ब्लेडने तासली. सेट वाचला गेला, पाचही चॅनेल चढले! आता सेटसोबत आलेल्या बुटक्या अँटेनावर काही ऐकू येईल का?

अँटेनावाला:
स्टेशन डोक्यावरून जात असेल तर येईल. गच्चीवर जा, स्क्वेल्च (क्षीण आवाज दाबणारी सेटिंग) शून्यावर ठेवा आणि अँटेना उभा न धरता आडवा-तिरका फिरवत राहा.