विरुद्ध कोन समान असतात, मग मोजल्यावर समान का येत नाहीत?

सातवीची आई
लेकीने काल वहीत एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा काढून चारही कोन मोजले. 64, 117, 65, 115. बाईंनी शिकवलंय की विरुद्ध कोन समान असतात. हिचे 64 आणि 65! खोडून परत मोजले, तेच. मी म्हटलं, एखादा अंश इकडेतिकडे व्हायचाच. तर म्हणते, "मग जवळपास समान म्हणा ना!" शिवाय विरुद्ध म्हणजे उलट, मग ते सारखे कसे, हेही तिला खटकतंय. मी हिशेबाच्या कामातली, भूमिती सुटून वीस वर्षं झाली. तिला पटेल असं कसं सांगू?

टोकदार पेन्सिल
चारही कोनांची बेरीज करा, 361 येतेय. बिंदूभोवती 360च हवी, म्हणजे चूक मोजण्यात आहे. कोनमापकाचा मध्य छेदनबिंदूवर नीट बसवायला सांगा.

खडू-फळा
ताई, मुलीचा आक्षेप रास्त आहे, तो मोडीत काढू नका. मोजून हे कधीच सिद्ध होणार नाही. 31 वर्षं गणित शिकवलं, दरवर्षी कुणीतरी नेमकं इथेच अडायचं आणि मला त्याचा आनंद व्हायचा.

कोनमापक दप्तरात ठेवा. ओळीने तीन कोनांना अ, ब, क नावं द्या. अ आणि ब एका सरळ रेषेवर शेजारी बसलेत, म्हणून अ + ब = 180. आता दुसऱ्या रेषेवरून बोट फिरवा, ब + क = 180. तुमच्याच भाषेत सांगतो: दोन खात्यांची एकूण रक्कम सारखी, दोन्हींत एक नोंद तीच, तर उरलेली रक्कम वेगळी येईल कशी? अ कितीही अंशांचा असो. युक्लिडने इ.स.पू. 300च्या सुमारास असंच सिद्ध केलंय.

'विरुद्ध' म्हणजे इथे समोरासमोरचे, एवढंच. जुन्या पोस्टकार्डाच्या दोन सरळ पट्ट्या टाचणीने मधोमध अडकवून द्या. एक कोन उघडला की समोरचा तेवढाच उघडतो. कात्री मात्र नको. तिच्या मुठी वाकड्या, आणि ते 180 आलेत रेषेच्या सरळपणातून.

लाइनदोरी
पायाच्या आखणीत आम्ही रोज हेच वापरतो. दोन दोऱ्या जिथे छेदतात तिथून एकीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करायची. खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट भरलं की काटकोन. उरलेले तीन कोन तपासत नाही, ते काटकोनच असतात.

सातवीची आई
सर, खात्याचं उदाहरण मलाच आधी पटलं, मग तिला. आता तिने त्याच टाचणीत तिसरी पट्टी ओवलीये. सहा कोन झाले, समोरासमोरच्या तीन जोड्या. पण शेजारच्या दोघांची बेरीज 180 होत नाही म्हणून अडलीये. तिघांची घ्यायची ना?

खडू-फळा
हो, सलग तिघांची. पण तिला सांगू नका, पट्टीवरून बोट फिरवू द्या.