नवी मुंबईत परदेशी विद्यापीठं येताहेत, आपल्या विभागांचं काय?

माणगंगा : जून २०२५मध्ये मुंबईत पाच परदेशी संस्थांना इथे कॅम्पस उघडण्यासाठी इरादापत्रं दिली गेली. ॲबरडीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची एक डिझाइन संस्था. मला याचा आनंद होत नाही. सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा), पीएचडी करून नऊ वर्षं मी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या हिशेबाने, शिकवतेय. विभागात मंजूर पदं सहा, भरलेली दोन. वर्ग जुलैत सुरू होतात, आमची नेमणूकपत्रं यायला सप्टेंबर उजाडतो, आणि उन्हाळ्यात हातात काहीच नसतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३च्या नियमांनी या संस्थांना शुल्क, प्रवेश, नेमणुका स्वतः ठरवायची मुभा दिली. आमचं एक पद मात्र वित्त विभागाच्या मंजुरीसाठी वर्षानुवर्षं अडतं.

बाणेरचा बाबा : ताई, दुखणं खरं आहे, पण ते या विद्यापीठांनी दिलेलं नाही. मुलाला इंग्लंडला पाठवताना आम्ही घर गहाण टाकलं. शुल्काइतकाच खर्च राहण्याखाण्याचा. नियमांनुसार पदवी मूळ विद्यापीठाच्याच नावाने मिळणार. ती पनवेलजवळ मिळाली, तर पोर रात्री घरी जेवायला येईल. यात वाईट काय?

माणगंगा : ज्यांच्याकडे गहाण टाकायला घर आहे, त्यांच्यासाठी काहीच नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गरीब घरातली मुलं परदेशात शिकतात. तशी सोय सरकार नवी मुंबईतल्या कॅम्पससाठी करणार का? हे आत्ताच विचारायला हवं.

जुना प्राध्यापक : जागतिकीकरण कॅम्पसच्या आधीच आत शिरलंय. २०१६मध्ये एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या मानांकनाची, पहिली क्रमवारी आली, आणि बैठकीत 'काय शिकवलं'पेक्षा 'किती पेपर छापले' हेच विचारलं जाऊ लागलं. पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांचं त्यातच फावलं. दुसरं, गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत ऑस्ट्रेलियाच्या डीकिन विद्यापीठाने सुरुवात केली ती सायबर सुरक्षा आणि बिझनेस ॲनालिटिक्सने. ज्याला बाजार आहे, तेच येणार. मराठी, इतिहास, वनस्पतिशास्त्र आपल्याच विद्यापीठांनी जगवायचं आहे.

बाणेरचा बाबा : शिष्यवृत्तीचा मुद्दा मान्य. पण सर, पदं रिकामी आहेत म्हणून परदेशी विद्यापीठांना दारातच अडवायचं, हे पटत नाही. आमच्या मुलांची वर्षं थांबत नाहीत.

माणगंगा : माझ्या वर्गातल्या मुलींचीही थांबत नाहीत, दादा. यंदा एका पेपरला दिवाळीपर्यंत शिक्षकच नव्हता.